पिकअपची टकटक

लग्न होऊन मी पोंभुर्ण्याला आले तेव्हा सासूनं मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की या घरात काही बोलायचं असेल तर इंजिन बंद व्हायची वाट पाहायची. घराचं तोंड रस्त्याकडे, आणि घर आणि रस्ता यांच्यामध्ये यांचं गॅरेज. हे म्हणजे माझे यजमान. स्वयंपाकघराची खिडकी थेट गॅरेजात उघडते. फोडणीचा धूर तिकडे जातो आणि डिझेलचा इकडे येतो. त्यामुळे आमच्या वरणाला माझ्या माहेरच्या वरणाची चव कधी आली नाही, असं माझं मत आहे. हे मत यांना मान्य नाही.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, मी वेडी होणार. मग हळूहळू आवाज सुटे सुटे ऐकू यायला लागले. सासरे, दीर, चुलतसासरे अशा भरल्या घरात सुनेला भिंतीपलीकडून कळतं, कोण खोकलं ते. तसं मला गाड्यांचं कळायला लागलं. हा ट्रॅक्टर कोणाचा, ही जीप कुठली, आज पट्टा कोणाचा चिरकतोय. बिघाड काय आहे ते मात्र मला सांगता येत नसे. ते काम यांचं.

यांचा कान पंचक्रोशीत नावाजलेला होता. कुऱ्हाडीच्या दांड्यातून तासून काढलेली सागाची एक दांडी यांच्याकडे होती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. भोवती उभे असलेले लोक तेव्हा आपोआप गप्प होत. हे दांडी इकडे टेकवत, तिकडे टेकवत, मग डोळे उघडून बोट ठेवत आणि म्हणत, "इथी खोला." खोललं की दुखणं तिथंच सापडायचं. गोंडपिपरीकडचे, मूलकडचे ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे. नवऱ्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी चहा देताना म्हणायचे, "गाडीचं बरं ऐकू येते यायले, घरचं तेवढं नाई येत." लोक हसायचे. हेही हसायचे.

ज्या पिकअपबद्दल सांगायचं आहे ती जंगलाकडच्या एका गावातल्या माणसाची. घरची वांगी, मिरची चंद्रपूरच्या बाजारात न्यायची, हे त्याचं वर्षभराचं काम. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. तेव्हा तो एका नाटक मंडळीचं सामान वाहायचा. पडदे, लाकडी चौकटी, स्पीकर, जनरेटर. आज या गावाला, उद्या गडचिरोलीकडच्या कुठल्या टोकाला. गाडी रस्त्यात बसली तर पडदा उघडत नाही, आणि ज्या गावानं पाहुणे बोलावून, मंडप ठोकून तयारी केली ते गाव मग ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढतं. त्याची सगळी अब्रू त्या इंजिनावर होती.

ती गाडी जुनीच घेतलेली. घेताना यांनीच दांडी लावून ऐकली होती आणि "घे" म्हणाले होते. तेव्हापासून तो यांना गुरू मानायचा. यांच्यासमोर तंबाखूचा खर्रा खात नसे, बाकावर बसत नसे, सणाला आला की पाया पडायचा. यांच्यापुढे त्याच्या तोंडून "नाई" असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला ते फार चांगलं वाटायचं. मी आमच्या नातलगांना त्याचं उदाहरण द्यायचे.

त्या वर्षी हंगाम लागला लागला तेव्हाच तो आला. म्हणाला, "भाऊ, गाडी टकटक करून राह्यली. गरम झाली का करते, मंग आपल्या मनानं चूप होते. पुन्हा करते."

मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. गाडी चालू होती आणि ती टकटक मला स्वच्छ ऐकू येत होती. पितळी पातेल्याच्या बुडाला कोणी चमच्यानं ठोकत असावं, तशी. चार-सहा ठोके, मग गप्प, मग पुन्हा. यांनी दांडी लावली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. दांडी पुढे सरकवली, मागे सरकवली. मग म्हणाले, "कुठी हाय? मले तं आवाज नाई येऊन राह्यला."

"येते भाऊ, मधामधात."

"गाडीचं दुखनं असंच रायते. डॉक्टरकडे आनलं का बरं वाटते तिले."

सगळे हसले. ते हसत होते तेव्हाही टकटक चालू होती. मला वाटलं, हा आवाज यांच्या हिशेबी किरकोळ असेल, हे दुसराच काही शोधत असतील. आपल्याला काय कळतं?

तरी त्याच्या समाधानासाठी टॅपेट बसवून देतो, असं हे म्हणाले. टॅपेट बसवणं म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालची फट नीट करणं, एवढं मला संसारातून कळलेलं आहे. झाकणाखाली छोटे छोटे हातोडे असल्यासारखे दांडे असतात, ते खालच्या दट्ट्यांना ठोकत राहतात. मधली फट कागदाच्या जाडीएवढीच हवी. जास्त झाली की ते आपटतात आणि टकटक होते. फट मोजायची ती थंड इंजिनावर, म्हणून गाडी मुक्कामाला राहिली. सकाळी यांनी टॅपेट बसवले, ऑइल पाहिलं, गाडी चालू केली. ती गरम होईपर्यंत दोघंही बॉनेटशी उभे. गरम झाली आणि टकटक सुरू झाली.

"गेला का आता?" यांनी विचारलं.

ड्रायव्हरनं मान खाली घालून कान दिल्यासारखं केलं. मग म्हणाला, "गेला, भाऊ."

मी तांदळातला खडा बोटात धरून तशीच बसले. टकटक तर माझ्या खिडकीपर्यंत येत होती. मला वाटलं, या पोराचा कान गेला की काय? नाटकवाल्यांच्या स्पीकरशेजारी बसून बसून बहिरा झालेला दिसतो. मला त्याची दयासुद्धा आली. गाडी टकटक करत रस्त्याला लागली आणि हे हात पुसत आत येऊन जेवायला बसले.

त्यानंतर बरेच दिवस तो आला नाही. मग एकदा मी बहिणीकडे मूलला गेले होते. बस स्टँडकडून पायी जाताना पाहिलं, तर तीच पिकअप दुसऱ्याच एका गॅरेजसमोर उभी, बॉनेट उघडं, आणि हा बाजूला उभा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाया पडायला आमच्याकडे आणि गाडी दाखवायला इथं? मी तोंड फिरवून निघून गेले. घरी येऊन यांना काही सांगितलं नाही. ऐकून वाईट वाटलं असतं.

आता घरचं सांगते. त्या वर्षभरात आमची भांडणं वाढली होती. मी काही विचारावं आणि यांनी उत्तरच देऊ नये. "अजी, पीठ आनलं का?" उत्तर नाही. दोनदा, तीनदा विचारल्यावर वळून म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात काऊन बोलते वो?" फोन वाजून वाजून बंद पडायचा. कुकर शिट्ट्या मारून मारून दमायचा आणि हे शेजारी पेपर वाचत. मी म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी आहे. या वयात माणसं बायकोचं ऐकायचं सोडतात, असं माझी आई म्हणायची, तसंच हे असेल म्हणून मी रुसायचे, ताट आपटायचे. त्या हंगामात गावात नाटक झालं तेव्हा आम्ही शेजारी बसलो होतो. विनोदी नट आला की सगळा मंडप हसायचा आणि मग, थोडं थांबून, हे हसायचे. आजूबाजूला पाहून हसायचे. मला ते विचित्र वाटलं, पण विचित्र वाटून मी पुन्हा नाटक पाहायला लागले.

मग एके दुपारी मी ओसरीवर घासलेली ताटं रचून ठेवत होते. सगळी चळत हातातून निसटली. फरशीवर असा आवाज झाला की कोंबड्या उडाल्या आणि पलीकडच्या घरातून बाई "काय झालं वो" म्हणत धावत आली. हे माझ्याकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, बशीतला चहा पीत बसले होते. त्यांनी बशी हलू दिली नाही. फुंकर मारली आणि दुसरा घोट घेतला.

मी ताटांमध्येच खाली बसले. एवढे दिवस मी भिंतीशी भांडत होते.

पुढं चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, कानाच्या आतली नस गेली आहे, रोजच्या आवाजानंच गेली, आणि गेलेली परत येत नाही. जाड आवाज थोडे पोचतात, बारीक आधी जातात. म्हणजे ज्या आवाजांनी आम्हाला पोसलं त्यांनीच यांचा कान खाल्ला. पण हे पुढचं. त्या दुपारी मला फक्त एवढं कळलं होतं, की यांना ऐकू येत नाही आणि ते यांना माहीत नाही. यांना खरंच वाटत होतं की जग पुटपुटायला लागलं आहे.

सांगायचं कसं? सुताराला डोळा गेल्याचं सांगणं वेगळं, त्याला निदान अंधार दिसतो. यांना शांतता वाटत होती. गाडी चालू करून दांडी लावायची, काही ऐकू आलं नाही की म्हणायचं, गाडी बरी आहे. या माणसाजवळ दुसरं काय होतं? शाळा शिकले नाहीत, शेतात रमले नाहीत, चार माणसांत बोलता येत नाही. एक कान होता. त्या कानामुळे रस्त्यावरचे लोक यांना वाकून नमस्कार करायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगू. रोज सकाळी हे दांडी पुसून खिळ्याला अडकवायचे आणि माझा धीर जायचा.

तशात पिकअप परत आली. भर दुपार होती, मागे पडदे आणि चौकटी लादलेल्या, वर ताडपत्री. ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून उतरला आणि गॅरेजात न जाता घराला वळसा घालून मागच्या दारी आला. मी भांडी घासत होते.

"वहिनी, तुमच्याशी एक बोलाचं होतं."

"मूलच्या गॅरेजातलं बोलाचं हाय का?" मी म्हणाले. मी विसरले नव्हते.

त्याचा चेहरा उतरला. "तुमी पाह्यलं होतं का? तिथी बी नाई सापडला. तिथी नेली का गाडी चूप रायते, जंगलात गेली का बोलते. दोनदा खोलली त्यायनं. आज कुरखेड्याकडे खेळ हाय, वहिनी. मधात बसली तं माह्यं काई खरं नाई."

"मंग यायले सांग ना. इथी काऊन आला?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मग म्हणाला, "भाऊले ऐकू नाई येत ना, वहिनी."

मी भांडं खाली ठेवलं. "तुले कसं माहीत?"

"सगळ्यायलेच माहीत हाय. मागच्या उन्हाळ्यापासून."

मग त्यानं सगळं सांगितलं. भाऊ विचारतात, गेला का आवाज? आता एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, नाही गेला म्हणून? म्हणून सगळे म्हणतात, गेला, भाऊ. आणि मूलला, नाहीतर चंद्रपूरला जाऊन काम करून घेतात. ऑइल बदलायचं, ग्रीस भरायचं, ब्रेकचं काम, जे ऐकल्याशिवाय होतं ते सगळं मुद्दाम आमच्याकडे आणतात. आपसांत ठरलेलं होतं. "भाऊले वाईट नाई वाटलं पायजे," तो म्हणाला. "त्यायचा लिहाज हाय आमाले."

आम्ही दोघं दबक्या आवाजात बोलत होतो. उघड्या दारातून हे दिसत होते, आठ-दहा पावलांवर, पाठ आमच्याकडे करून डब्यात नट-बोल्ट धूत बसलेले. मग माझ्या लक्षात आलं की आवाज दाबायची काही गरज नाही. ते लक्षात आलं आणि मला रडू फुटलं.

राग कोणावर काढायचा तेही कळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ यांची, आणि तिच्यात काही नाही हे सगळ्या रस्त्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या यांना. यांनी काम केलं की लोक म्हणणार गेला, हे समाधानानं हात धुणार, जेवणार, झोपणार, आणि तिकडे मूलला यांचंच काम कोणी उलगडून पुन्हा करत बसलेला असणार. इतक्या चांगल्या माणसांनी मिळून यांना वेड्यात काढलं होतं, आणि प्रत्येकानं ते पाया पडून केलं होतं. मीही त्यांतलीच. मला त्या क्षणी सगळ्यांची चीड आली.

मी हात पदराला पुसले आणि गॅरेजात गेले. गिऱ्हाईक असताना मी गॅरेजात पाय ठेवत नसे, चहासुद्धा खिडकीतून द्यायचे. हे उठून उभे राहिले. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथले लोकही वळून पाहायला लागले. पिकअप चालू होती, गरम होती, आणि टकटकत होती.

मी यांच्यासमोर गेले, तोंड दिसेल अशी, आणि मोठ्यानं म्हणाले, "गाडीत आवाज हाय."

हे म्हणाले, "पाह्यतो." बॉनेट उघडलं, खिळ्यावरची दांडी काढली, टेकवली, डोळे मिटले. उघडले. "नाई हाय."

"हाय. मले इथून ऐकू येऊन राह्यला."

हे हसले. बायको चारचौघांत खुळ्यासारखं बोलली तर नवरा हसतो, तसे. मग ड्रायव्हरकडे वळून विचारलं, "तुले येते का रे?"

टक, टक, टक. टपरीपर्यंत जात असेल असा स्पष्ट आवाज. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. आत्ता, मागच्या दारी हाच माणूस काय काय बोलला होता. त्यानं यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "नाई, भाऊ."

त्याला मी आजही दोष देऊ शकत नाही. त्याची जीभच तशी वळलेली होती. आमच्याकडे चारचौघांत नवऱ्याचा हात धरत नाहीत. मी यांचं मनगट धरलं, ओढलं आणि पंजा उघडा करून इंजिनच्या झाकणावर ठेवला.

आणि नेमकी तेव्हाच टकटक थांबली. ती गाडी असलीच. हे हात ठेवून उभे, माझ्याकडे पाहतायत, बाई बिघडली की काय अशा नजरेनं. झाकण चांगलंच तापलेलं होतं. मी त्यांचा हात सोडला नाही. मी ड्रायव्हरला म्हणाले, "जा, रेस दे." तो मुकाट्यानं आत बसला. इंजिन चढलं, उतरलं, चढलं, उतरलं. काही नाही. मला वाटायला लागलं की आता मीच खोटी ठरणार, आणि मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं, ठरू दे. गाडी अशीच गप्प राहू दे, मी माफी मागीन आणि आत जाऊन भांडी घाशीन.

मग आली. मला ऐकू आली आणि त्याच वेळी यांची बोटं आकसली. सगळं इंजिन थरथरत असतं, पण त्या थरथरीत हा ठोका वेगळाच लागतो, हे यांनीच मला नंतर सांगितलं. मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. आधी भुवया वर गेल्या, मेकॅनिकच्या जातात तशा, बिघाड सापडल्यावर. क्षणभर त्यांना आनंदच झाला. मग त्यांनी दुसऱ्या हातातली दांडी कानाला लावली, टोक बरोबर आपल्या पंज्याशेजारी टेकवलं. हाताला ठोका लागतो आहे आणि कानाला काही नाही. दांडी काढली, दुसऱ्या कानाला लावली. तो आनंद चेहऱ्यावरून उतरत गेला तो मी सगळा पाहिला. हात मात्र तसाच झाकणावर. भाजत असणार. मी ओढला तरी काढेनात.

शेवटी त्यांनी खूण करून गाडी बंद करायला लावली. ड्रायव्हर उतरून समोर आला.

"केव्हापासून?" यांनी विचारलं.

"हंगाम लागला तेव्हापासून, भाऊ."

"आवाजाचं नाई विचारून राह्यलो."

तो खाली पाहायला लागला. हे त्याच्या तोंडाकडे बघत होते, उत्तर तिथून निघेल म्हणून, आणि तो तोंड उघडत नव्हता. यांनी टपरीकडे पाहिलं. तिथं दोन ड्रायव्हर बसले होते, दोघंही आमचेच गिऱ्हाईक. दोघांनी कपात डोकं घातलं. मग यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत होतं, अशी मी मान हलवली.

मला वाटलं, आता हे आत निघून जातील. नाहीतर ओरडतील, दांडी फेकतील. मी तयार होते. हे वळले, पाने घेतले आणि इंजिनचं झाकण खोलायला लागले.

कान नसेल तर डोळे तरी आहेत, असं ते कदाचित मनात म्हणाले असतील. झाकण काढून त्यांनी स्टार्टरनं इंजिन थोडं थोडं फिरवायला लावलं आणि वाकून पाहत राहिले. दांड्यांची रांग तेलानं चकचकत होती. तिसऱ्याचा तेवढा कोरडा. कोरडाच नाही, घासून निळसर पडलेला. यांनी मला बोलावून बोटानं दाखवला. सगळे दांडे एका पोकळ नळीवर बसतात आणि नळीच्या बारीक भोकांतून त्यांना तेल पोचतं. तिसऱ्याचं भोक काळ्या चिखलानं बुजत आलं होतं. थंड असताना जुनं साचलेलं तेल पुरायचं. तापून पातळ झालं की तो दांडा उपाशी राहायचा, आपटायचा. कधी कचरा सरकला की दोन थेंब मिळायचे आणि गप्प व्हायचा. एवढंच दुखणं. टॅपेट कितीदा बसवले तरी हे जाणार नव्हतं.

यांनी नळी काढली, तारेनं भोकं साफ केली, डिझेलनं धुतली, हवा मारली. घासलेल्या दांड्याच्या जागी आमच्याकडच्या एका जुन्या इंजिनचा चांगला दांडा बसवला. इंजिन निवेपर्यंत थांबले, फट मोजली, झाकण बसवलं. लादलेली गाडी ड्रायव्हरला नाल्याच्या पुलापर्यंत नेऊन आणायला लावली, चांगली तापवून. तो परत आला आणि बॉनेट उघडून, गाडी समोर चालू ठेवून उभा राहिला.

मी कान देऊन ऐकलं. आयुष्यात इतकं कशाला कान दिलेलं मला आठवत नाही. थांबले, आणखी थांबले. टकटक खरोखर गेली होती. इंजिन आपलं एकसारखं चालत होतं.

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "गेला, भाऊ. खरंच गेला. शप्पथ."

हे त्याच्याकडे पाहत होते. त्यांना ओठ कळले असणार, कारण ते शब्द त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. त्यांनी मान हलवली नाही. ते माझ्याजवळ आले, अगदी जवळ, कानाशी वाकले. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला स्वतःचा आवाजही कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. यांना वाटलं, ते फक्त मला विचारतायत, हळूच. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. टपरीवरचे लोक उभे राहिले.

"खरं सांग वो," हे म्हणाले. "गेला, का तूबी माह्यं मन राखून राह्यली?"

मी तितक्याच मोठ्यानं सांगितलं, "गेला." त्यांना दिसावं म्हणून तोंड वर करून पुन्हा सांगितलं. हे माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग गाडीकडे गेले आणि पोळलेला तोच हात त्यांनी झाकणावर ठेवला.